पेटलं नाही तर?

2025च्या दिवाळीत मध्य प्रदेशात शंभराहून अधिक जण डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयात पोचले. त्यांत बहुतेक मुलं, सगळ्यात जास्त भोपाळची. काहींची दृष्टी गेली. कारण एकच, कार्बाइड गन. प्लास्टिकच्या पाइपाची ही बंदूक दीडदोनशे रुपयांना रस्त्यावर मिळत होती आणि तिची जाहिरात रील्स फुकटात करत होत्या. धडाम आवाज, धूर, पोरांचा जल्लोष, खेळ खलास.

रसायनशास्त्र साधं आहे. आंबे पिकवण्यापायी बदनाम झालेला तोच हा कार्बाइड. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि लायटरच्या ठिणगीनं भडकतो. पण दर वेळी भडकत नाही. ठिणगी चुकते, पाइप गप्प बसतो. मग दहा-बारा वर्षांचं कुठलंही पोर जे करेल तेच होतं. आत काय अडकलंय ते बघायला ते पाइपाच्या तोंडाशी डोळा नेतं, आणि बार तेव्हा उडतो. जखमी मुलांपैकी काहींचं नेमकं हेच झालं. त्यात ॲसिटिलीन निघून गेल्यावर मागे उरतो चुना. म्हणजे आगीनं भाजलेल्या डोळ्यात वर चुनाही जातो.

माझा राग आहे तो इथे. रीलमध्ये स्फोट दाखवला म्हणून नाही, फसलेला बार कापून टाकला म्हणून. रील करणाऱ्याचाही बार कधीतरी फुसका निघाला असणार. तेव्हा तो किती लांब उभा राहिला, किती वेळ थांबला, हे त्यानं दाखवलं असतं तर बघणाऱ्या पोराला उपयोगाचं काहीतरी मिळालं असतं. ‘घरी करून पाहू नका’ ही पाटी फक्त पाटी लावणाऱ्याला वाचवते.

आणि हा पोरांचाच अडाणीपणा आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत मिथेनॉल पेटवून क्षारांच्या रंगीत ज्वाळा दाखवण्याचा प्रयोग शिक्षकांचा फार लाडका. त्यात भाजलेल्या एका मुलीची हकीकत तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डानं डिसेंबर 2013मध्ये व्हिडिओ काढून सांगितली. तरीही सप्टेंबर 2014मध्ये नेवाडातल्या रीनोच्या संग्रहालयात मिथेनॉलच्या प्रयोगात 13 जण जखमी झाले, बहुतेक मुलंच. त्याच महिन्यात डेन्व्हरच्या एका शाळेत ज्वाळा मनासारखी उठेना म्हणून शिक्षकानं मोठ्या बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतलं. आग बाटलीत शिरली आणि सुमारे 12 फूट लांब झोत एका विद्यार्थ्याच्या छातीवर आदळला. मिथेनॉलची ज्योत उजेडात जेमतेम दिसते, विझली असं वाटतं, आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. इथेही घात झाला तो प्रयोग जमत नव्हता तेव्हाच.

हेच रंग मिथेनॉलशिवाय दिसतात. लाकडी पट्ट्या रात्रभर क्षारांच्या द्रावणात भिजवायच्या आणि एकेक करून बर्नरच्या ज्योतीत धरायच्या. तांब्याचा हिरवा दिसतो, स्ट्रॉन्शियमचा लाल दिसतो. भडका उडत नाही, म्हणून व्हिडिओला प्रेक्षक कमी मिळतील. मिळू देत.

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत प्रयोगाच्या कल्पना मोबाइलवरच शोधल्या जातात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थी व्हिडिओ घेऊन आला की त्याला एवढंच विचारा, ‘पेटलं नाही तर काय करशील?’ उत्तर येत नसेल तर तो प्रयोग मांडू देऊ नका, मग बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं तरी चालेल. आणि मोठ्या बाटल्या टेबलावर नकोतच. लागेल तेवढं आधी मोजून घ्यायचं, बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायची, मगच काडी ओढायची.

आणि एवढी काळजी घेऊनही चुना डोळ्यात गेलाच, मग तो कार्बाइडचा असो की तंबाखूच्या पुडीतला, डोळा चोळू देऊ नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सुरू करा, निदान वीस मिनिटं चालू ठेवा, आणि तिथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.