दार न फोडणारा चोर

विमा कंपनीच्या पॅनेलवरच्या वकिलाचं निम्मं करिअर पॉलिसीची बारीक अक्षरं वाचण्यात जातं, उरलेलं तीच अक्षरं कोर्टाला मोठ्यानं ऐकवण्यात. चोरी झाली? झाली असेल हो. पण कुलूप तुटलं का? हरचंद राय चंदन लाल खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंच सांगून टाकलं: पॉलिसीत बळजबरीनं घुसण्याची अट असेल, तर नुसत्या चोरीची भरपाई नाही. तेव्हा दुकानदारानं चोराला निदान एखादी कडी उचकटण्याची गळ घालावी, हे बरं. सर्व्हेअरचा अहवाल सोयीचा असला तर तो ‘तज्ज्ञाचा’, गैरसोयीचा असला तर ‘बंधनकारक नाही’. दोन्ही युक्तिवाद फायलीत तयारच असतात.

व्यापारी दाव्यांत मात्र या मंडळींची पंचाईत झाली. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यानुसार समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत आली नाही, तर प्रतिवादीचा हक्कच संपतो. जन्मभर तारखा मागत आलेल्या माणसावर केवढा हा जुलूम! शेवटच्या दिवशी फायलिंगची खिडकी बंद होता होता ज्युनिअर धापा टाकत पोहोचतो. सीनिअर तेव्हा चेंबरमध्ये, कुणा विमेदारानं कळवायला उशीर केला म्हणून क्लेम नाकारल्याचं पत्र डिक्टेट करत असतात.