डॅन्यूबकाठची बारगिरी

मध्य युरोपातील रानावनांत राहुटी ठोकून, सायकलीवरून स्वैर भटकावे, असा मनोदय बाळगणाऱ्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढे जे अरण्य असते, त्यात मालकाच्या संमतीवाचून मेखही ठोकता येत नाही, आणि ऑस्ट्रियात तर तसा 1975 चा वनकायदाच आहे, ही वार्ता म्युनिकनिवासी मेहुण्यांनी मी पासाऊला पोहोचेपर्यंत माझ्यापासून दडवून ठेवली. पासाऊस डॅन्यूब, इन आणि इल्झ यांचा संगम होतो. इनचे पाणी सरासरीने डॅन्यूबहून अधिक असूनही पुढे नाव डॅन्यूबचेच चालते, आणि या अन्यायाविरुद्ध इनने कोठे फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही.

मेहुण्यांची सायकल स्वतःची, माझी भाड्याची. मराठेशाहीत स्वतःच्या घोड्यानिशी येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर; तेव्हा व्हिएन्नापर्यंतच्या तीनशेहून अधिक किलोमीटरांच्या या मोहिमेत माझा दर्जा पहिल्याच सकाळी मुक्रर झाला, आणि राहुटीचे ओझे त्यानुसार बारगिराच्या चाकावर चढले.

"भावोजी, नुसता उतार आहे," असे मेहुणे म्हणाले, ते भूगोलाच्या दृष्टीने सत्यच होते. मात्र एवढ्या पल्ल्यात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली येते, आणि इतका सूक्ष्म उतार गुडघ्यांच्या प्रत्ययास येत नाही. या वाटेचा बराच भाग पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखलेला होता. त्या घोड्यांविषयी मला आता बंधुभाव वाटतो. नदीचे किलोमीटर मात्र काळ्या समुद्राकडील मुखापासून मोजीत आणलेले असल्याने, पासाऊजवळ 2225 च्या आसपास असलेला आकडा उतरत उतरत व्हिएन्नाजवळ 1930 च्या घरात येतो. हप्त्यांनी कर्ज फेडण्यात हयात गेलेल्या मध्यमवर्गीय मनाला हा हिशेब विलक्षण समाधान देतो.

एका मुक्कामी आम्ही ऐन दुपारी पोहोचलो, तो छावणीची कचेरी वामकुक्षीनिमित्त तीन वाजेपर्यंत बंद. पुण्यात आयुष्य काढलेल्या मनुष्याला याबाबत तक्रार करण्याचा अधिकार पोहोचत नाही. तीन वाजता नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि पारपत्राचा क्रमांक यांची रीतसर नोंद होऊन, गावाचा कर वसूल होऊन, मग आम्हांस गवताचा एक चौकोन बहाल झाला. मेखा जमिनीत शिरेनात, हे शेजारच्या चाकांवरील घरातले वृद्ध डच दांपत्य, दारातल्या फुलांच्या कुंड्यांमागे खुर्च्या मांडून, नाटकाचा तिसरा अंक पाहावा अशा तन्मयतेने पाहत होते. अखेर त्यांतील आजोबांनी, चकार शब्द न काढता, एक लाकडी हातोडा माझ्या हाती ठेवला.

नोंदणीविषयीची माझी अढी ड्यूर्नश्टाइनला गेली. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1192 साली वेश पालटून या मुलखातून जात असता व्हिएन्नाजवळ पकडला गेला, त्याला ड्यूक लिओपोल्डने येथल्याच गडावर कोंडले, आणि पुढे बादशहाच्या हवाली झाल्यावर त्याच्या सुटकेसाठी एवढी खंडणी द्यावी लागली की इंग्लंडच्या रयतेचे कंबरडे मोडले. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर मी आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सुवाच्य अक्षरांत लिहिले.

ड्यूर्नश्टाइन ज्यात वसले आहे त्या वाखाऊच्या खोऱ्यात द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूंच्या बागा आहेत. बी काढून तिच्या जागी साखरेचा खडा बसवलेला अख्खा जर्दाळू पिठाच्या आवरणात घालून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. आपल्या मोदकाचा हा कळ्या नसलेला चुलतभाऊ मेहुण्यांनी दोन खाल्ले. मी किती खाल्ले हे येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी पासाऊहून व्हिएन्नाकडे जावे, उलट नव्हे. वारा बहुधा पश्चिमेचा असतो. हातोडा घरूनच न्यावा.