मातुश्री कसरबाई यांस अनावृत पत्र

अखंडितलक्ष्मीअलंकृत मातुश्री कसरबाई, वास्तव्य रुमाल, यांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्राच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या या मानाच्या मजकुराला जुन्या पत्रव्यवहारात मायना म्हणत, आणि तो समोरच्याचा दर्जा पाहून ठरत असल्यामुळे पत्र बरोबरीच्याला लिहिले आहे की वडीलधाऱ्याला, हे जाणकार अभ्यासक नुसत्या मायन्यावरून ओळखतात. आपल्या बाबतीत मायना ठरवणे अवघड गेले. सौभाग्यवती स्त्रीला ‘वज्रचुडेमंडित’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ लिहिण्याचा प्रघात होता. परंतु आपल्या वैवाहिक स्थितीविषयी एकही अस्सल कागद उपलब्ध नाही, आणि तो कधी काळी असलाच तर त्याचे पुढे काय झाले हे आपल्यालाच ठाऊक. ‘वास्तव्य रुमाल’ याविषयी मात्र विद्वानांत दुमत नाही. रुमाल म्हणजे येथे खिशातला नव्हे, तर जुन्या कागदांचे गठ्ठे ज्यात बांधून ठेवतात ते चौकोनी कापड, आणि त्यावरून तो गठ्ठाही, म्हणजेच कसर नावाच्या कागदखाऊ किडीचे माहेरघर.

हे पत्र तक्रारीचे नसून अभिनंदनाचे आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने ज्यांनी पानापानाने, ओळीओळीने आणि शेवटी अक्षराअक्षराने आत्मसात केली, अशांची यादी करायची झाल्यास आपले नाव पहिले घ्यावे लागेल. पुण्यात 1891 साली उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत पेशवे दप्तर आहे. तेथील कागदांची संख्या सुमारे चार कोटी सांगितली जाते आणि त्यांतील बहुतेक मराठी कागद मोडीत, म्हणजे बोरू शक्यतो न उचलता भरभर लिहिण्यासाठी वापरात असलेल्या वळणदार लिपीत, लिहिलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली आणि त्यानंतर ज्या समाजाला आपल्या इतिहासाचा अभिमान दिवसातून दोन वेळा वाटतो, त्याच समाजात तो इतिहास मुळातून वाचू शकणारे लोक तुलनेने मूठभर उरले. आपल्याला लिपीची अडचण कधीच आली नाही.

प्रवेशाचीही आली नाही. हे दप्तर इंग्रजांनी सांभाळले ते मुख्यतः इनामे आणि वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे जमिनीचे व गावकामगारीचे हक्क, यांचे दावे तपासण्यासाठी. त्यात इतिहासाचे प्रेम फारसे नव्हते, आणि एतद्देशीय संशोधकांना तेथे मोकळेपणाने वावरू देण्याची सरकारची दीर्घकाळ इच्छाही नव्हती. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तो खाजगी घरांतून मिळालेल्या कागदांच्या बळावर. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग प्रसिद्ध झाले ते 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत. तोवर पिढ्यान्‌पिढ्या तेथे विनापरवाना, विनाशुल्क आणि कोणत्याही साहेबाची शिफारस न आणता बसण्याचा मान आपल्या घराण्यालाच होता.

आपल्या अभिरुचीबद्दलही दोन शब्द लिहिणे उचित होईल. कागदाला गुळगुळीतपणा यावा म्हणून लावलेली खळ आपल्याला विशेष प्रिय, हे सर्वश्रुत आहे. काजळीच्या शाईत आपल्याला रस असल्याचा पुरावा नाही, पण ती ज्यावर आहे तो कागदच गेल्यावर शाईने कोठे राहावे, हा प्रश्न आपण तिच्यावर सोडलेला दिसतो. जुन्नर आणि दौलताबादकडचा हातकागद चिवट, त्यामुळे त्यावर आपल्या अनेक पिढ्या पोसल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून यंत्रावर केलेला स्वस्त कागद आला आणि त्यातील आम्लामुळे तो आपोआपच पिवळा पडून तुटू लागला, म्हणजे शिवकाळातला कागद धड आणि पणजोबांच्या काळातला भुगा, अशी उलटी स्थिती निर्माण झाली. या स्पर्धेमुळे आपण खचून जाऊ नये. वेखंड, कडुलिंबाचा पाला आणि कीटकनाशकाची धुरी हे तीन शत्रू सोडल्यास आपल्या मार्गात फारसे कोणी येत नाही, आणि ओल, अंधार व ‘पुढल्या वर्षी बघू’ हे तिघे सदैव आपल्या बाजूला आहेत.

एका ठिकाणी मात्र आपल्या कामात, आपलेच नाव घेऊन सांगायचे तर, कसर राहिली. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली, म्हणजे शक, महिना व तिथी देऊन घटनांची केवळ टिपणे असलेली यादी, टिकून राहिली. लोकमान्य टिळकांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे 1916 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यातील एका नोंदीमुळे शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, अशी पुढे आली. बखरींच्या आधारे मानली जाणारी तारीख त्या नोंदीमुळे डळमळली आणि वाद पुढे अनेक दशके चालला. एका घरातल्या काही पानांनी एवढे केले. त्या पानांच्या शेजारच्या घरांतली पाने काय करू शकली असती, हा प्रश्न आपल्या दृष्टीने पचून गेलेला असल्यामुळे येथे वाढवीत नाही.

आपल्या यशात मानवी सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांची नोंद न घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. जुने कागद पवित्र म्हणून नदीत सोडणारे श्रद्धाळू. मोडी वाचता येत नाही म्हणून ‘काही उपयोगाचे नाही’ असा निर्वाळा देणारे सुशिक्षित वारस. भावकीच्या दाव्यात विरुद्ध पक्षाच्या हाती पुरावा लागेल या भीतीने पेटीला तीन कुलुपे घालणारे आणि पेटी आपल्या हवाली करणारे सावध गृहस्थ. आणि ‘वाचून आठवड्यात परत करतो’ असे सांगून रुमालासह अंतर्धान पावणारे अभ्यासू पाहुणे. या शेवटच्या वर्गामुळे पुढच्या प्रामाणिक संशोधकालाही ओसरीवरूनच चहा पाजून परत पाठवले जाते, आणि त्याचा फायदा शेवटी आपल्यालाच होतो.

इतके लिहिल्यावर आपल्या एका मर्यादेकडे अदबीने लक्ष वेधणे भाग आहे. बोलणे आपल्याला खाता येत नाही. आणि आपण जे खाता त्यातला पुष्कळ भाग मुळात बोलणेच होते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावचे व परगण्याचे वतनदार आणि बलुतेदार यांच्या सभेपुढे, आला की वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याची पूर्वपीठिका तोंडाने सांगत. ती लिहून घेतली की तिला करीना म्हणत, साक्षी-पुरावे होऊन निवाडा लागला की त्याचा महजर होई, आणि ज्यांना अक्षर येत नसे ते खाली आपल्या धंद्याची निशाणी करीत, जसे पाटलाचा नांगर किंवा न्हाव्याचा आरसा. आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टी माणसाकडून पद्धतशीर विचारून नोंदवणे, त्याचा हा मावळी अवतार सतराव्या शतकातला आहे. फरक एवढाच, की त्या काळी प्रश्न विचारणाऱ्याला जमिनीचा निकाल लावायचा असे, त्यामुळे ज्याची जमीन नाही त्याला प्रश्न विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे.

हा फरक किरकोळ नाही. मुळशी खोऱ्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण होऊ घातले तेव्हा 1921 ते 1924 या काळात सेनापती बापट प्रभृतींनी सत्याग्रह केला. त्या प्रकरणाचे सरकारी कागद पाहिले तर त्यांत खातेदार सापडतो, सर्व्हे नंबर आणि आकार सापडतो, भरपाईची रक्कम सापडते. परंतु अनेक जमिनी सावकारांकडे गेलेल्या असल्याने कागदावरचा मालक एक आणि त्या चिखलात भात लावणारा दुसरा, आणि हा दुसरा कागदाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नाही. त्याची बायको तर नाहीच. आपण त्या कागदांचा फडशा पाडला काय आणि न पाडला काय, तिला काहीच फरक पडत नाही, कारण ती कागदात कधी नव्हतीच.

ती होती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना दळताना म्हटलेल्या त्या ओव्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आणि विठ्ठल आहे, आणि त्यांच्याच सुरावर रचलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. विजेच्या चक्क्या आल्या, जाती दाराबाहेर पडली, आणि ओवी म्हणण्याचे निमित्तच संपले. हे काम आपले नव्हे, कसरबाई; येथे कोणी काही खाल्ले नाही, नुसते पीठ दुसरीकडून येऊ लागले. इतका स्वच्छ विनाश आपल्या घराण्याच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

तोंडी साक्ष बिनचूक असते असे मात्र कोणी समजू नये. कागद आणि माणूस दोघांची कालगणना वाकडी आहे. जुन्या पत्रात ‘छ’ हे अक्षर चंद्रासाठी, पुढे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि साल असलेच तर ‘इहिदे, इसन्ने, सलास’ अशा अरबी संख्यावाचक शब्दांतले शुहूर सन, जे मृगापासून सुरू होते आणि ज्यात 599 किंवा 600 मिळवल्याशिवाय इसवी सन हाती लागत नाही. साल नसेल तर मजकुरावरून ताडायचे. माणसाकडे विचारणा करावी तर लग्न ‘पानशेत फुटलं त्या साली’, म्हणजे 1961, थोरली मुलगी ‘बहात्तरच्या दुष्काळात’, आणि आजेसासरे ‘मानमोडीत’ गेले, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. हे उत्तर अडाणीपणाचे नाही. शुहूर सनाइतकीच ती एक गणना आहे, आणि तिचे कोष्टक ज्या मुलाखतकाराने आधी तयार केलेले नसते तो ‘नक्की साल सांगा’ असा आग्रह धरून समोरच्या म्हातारीला गप्प करतो.

शिवाय माणूस चुकतो, आणि चुकतो तेव्हा कधी कधी कागदापेक्षा अधिक सांगतो. इटलीतील टेर्नी या पोलादाच्या शहरात 1949 मध्ये एका निदर्शनात पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मारला गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी बऱ्याच वर्षांनी तेथील लोकांना विचारले तेव्हा कित्येकांनी तो मृत्यू 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या झगड्यात नेऊन ठेवला. तारीख चुकली, पण त्या शहराने कोणत्या पराभवाचे दुःख कोणत्या मरणाशी बांधले होते, हे त्या चुकीतूनच कळले. म्हणून कागद हाताशी हवा, नाहीतर चूक चूक आहे हेच कळत नाही. आणि माणूसही हवा, नाहीतर ती का झाली हे कळत नाही. मराठीत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या 1989 मधील ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून प्रश्न विचारले आणि जोडीला जुनी नियतकालिकेही चाळली, ती याच दुहेरी वाटेने. त्या चळवळीच्या सभांच्या वृत्तांतांत ‘स्त्रियांची उपस्थिती लक्षणीय होती’ एवढ्यावर भागवलेल्या वाक्याला त्यामुळे चेहरे मिळाले.

आपल्याला भवितव्याची चिंता वाटत असल्यास ती सोडावी. कागद आता छायाप्रतींत जात आहेत, मुलाखती फोनवर ध्वनिमुद्रित होत आहेत, आणि कोणी कोणाशी बोलले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, परवानगी घेऊन की न घेता, यांपैकी काहीही न लिहिता त्या फायली केवळ ‘आजी 2’ आणि ‘आजी 2 नवीन’ अशा नावांनी साठत आहेत. कॅसेटला बुरशी लागते, चकती वाचणारे यंत्र मिळत नाही, फोन बदलतो. यात आपल्याला खाण्यासारखे काही नाही हे खरे; परंतु ज्यांना आपली उणीव भासू नये म्हणून एवढी व्यवस्था करता येते, त्यांच्या राज्यात आपण उपाशी राहाल असे वाटत नाही, कारण मूळ कागद ‘आता स्कॅन झालाच आहे’ म्हणून पुन्हा माळ्यावर जातो.

दरम्यान मुळशीच्या काठावर बुडालेल्या गावांची नावे आणि शेतांची नावे सासूकडून ऐकलेली एखादी नव्वदीची बाई ओट्यावर बसलेली असते. तिला कसर लागत नाही, वेखंड लागत नाही. तिच्यासमोर बसणारे कोणी तरी लागते, तेही दुपारी, कारण संध्याकाळी तिला दिसत नाही. आपण चार कोटी कागद शंभर-दोनशे वर्षे पुरवून खाता. तिच्या बाबतीत एक पावसाळा पुरतो.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा. लेखनसीमा. छ 9 रबिलाखर. साल जुन्या रिवाजाप्रमाणे लिहिलेले नाही. लिहिले असते तरी ते कागदाच्या कोपऱ्यातच आले असते, आणि आपली सुरुवात तेथूनच होते.