ग्रामीण कादंबरी

अमेरिकन शृंगारिक प्रेमकादंबरीतला नायक बहुधा सहा फुटांच्या वरच असतो. तो पूर्वी सैन्यात असतो आणि हल्ली एखाद्या आडगावात बार चालवतो. नायिका शहरात पोळून तिथे आलेली असते. पुढे काय होणार हे मुखपृष्ठावरच कळतं, तरी आपण शेवटपर्यंत वाचतो. रॉबिन कार यांची ‘व्हर्जिन रिव्हर’ २००७ साली आली आणि त्या एका गावावर वीसहून जास्त पुस्तकं निघाली. पुढे नेटफ्लिक्सनं मालिकाही काढली. सहाशे वस्तीच्या गावात इतक्या लोकांची प्रेमं जमली, म्हणजे तिथे वधूवर सूचक मंडळाला काही कामच उरलं नसणार.

या पुस्तकांचा जाळ किती, हे वाचक मंडळी मिरच्यांनी मोजतात. एक मिरची म्हणजे हातात हात, पाच म्हणजे दाराला आतून कडी. मिसळीच्या दुकानात ‘तर्री किती?’ विचारतात, तसंच हे. माझी मजल तीनपर्यंत. त्यापुढे पाठीच्या मणक्याची काळजी वाटू लागते. लूसी स्कोअर यांच्या ‘थिंग्ज वी नेव्हर गॉट ओव्हर’मध्ये व्हर्जिनियातल्या एका गावात लग्नातून पळून आलेली नायिका आणि दाढीवाला, सदा वैतागलेला नायक आहे. त्यात मिरच्या भरपूर. पण अर्धं गाव ओळखीचं झालं की प्रसंग रंगात आला असतानाही आपल्याला नायिकेच्या बिचाऱ्या भाचीनं काही खाल्लं का, असं वाटत राहतं.

खरी पंचाईत वाचायच्या जागेची. मोबाइलवर वाचलं की मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही, ही सोय खरी. पण चाळिशी लागलेल्या माणसाला अक्षर मोठं करावं लागतं. मग पडद्यावर एका वेळी चार ओळी मावतात आणि त्या चारही नेमक्या तसल्याच. लोकलमध्ये शेजारच्या काकूंना त्या माझ्या आधी वाचून होतात. एकदा एकीनं विचारलं, “काय वाचताय एवढं?” म्हटलं, “ग्रामीण कादंबरी.” त्यात खोटं काय होतं? गाव होतं, डॉक्टर होते, एक बाळंतपणही होतं.

आपल्याकडे ही हौस नवी मुळीच नाही. फिरत्या वाचनालयातून चंद्रकांत काकोडकरांची कादंबरी नेताना ‘वहिनींसाठी हवी आहे’ असं सांगायची रीत होती. महाराष्ट्रातल्या वहिनी एवढ्या वाचत असत! काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलेल्या काकोडकरांना तिथे १९६९ साली निर्दोष सोडण्यात आलं. दिल्लीत बसून मराठी दिवाळी अंकातली कथा कर्तव्य म्हणून वाचायची, म्हणजे नशीबवान न्यायमूर्ती. त्यांना कुणी ‘काय वाचताय?’ विचारणार नव्हतं. त्याच वर्षी त्याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ लागला आणि तो घरोघरच्या सासवांनी सुनांना बरोबर घेऊन पाहिला.

मला मात्र या अमेरिकन पुस्तकांतलं सगळ्यात अशक्य वाटतं ते गाव. मी तालुक्याच्या गावात वाढले. तिथे एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये कुणी मुलगी कुणा मुलाबरोबर चहा प्यायली, तर ती घरी पोचण्याआधी बातमी पोचे आणि बातमीत चहाबरोबर भजीही असत. व्हर्जिन रिव्हरमध्येही कुणाची गाडी रात्रभर कुणाच्या दारात उभी होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सकाळी तीच माणसं हसून कॉफी ओततात. कुणी मामाला फोन करत नाही, कुणी ‘आमच्यात असलं चालत नाही’ म्हणत नाही. सगळ्यांना सगळं कळावं आणि कुणाचं काही बिघडू नये, ही कल्पना मला त्या पाच मिरच्यांपेक्षा जास्त धाडसी वाटते. लेखिका कमरेखालचं बिनधास्त लिहितात, पण गावातल्या खवचट म्हातारीचा खवचटपणा हळूच काढून घेतात. तिची जीभ तिखट आणि मन लोण्याचं. आमच्या आळीतल्या आजींचं दोन्ही तिखट होतं.

आता ‘व्हर्जिन रिव्हर’मधल्या सर्वात उत्तान प्रसंगाबद्दल. मेल ही नर्स लॉस एंजेलिसहून येते. विधवा, दुःखी. नोकरीबरोबर कबूल केलेलं लाकडी घर पाहते, तर धूळ, घाण आणि मोडतोड. ती डॉक्टरांकडे मुक्काम हलवते. इकडे बारवाला जॅक कुणी न सांगता त्या घराच्या दुरुस्तीला लागतो. कुजलेल्या फळ्या काढतो, नव्या ठोकतो, घासूनपुसून घर लख्ख करतो. ‘उद्या बघू’ नाही, ‘माणूस सांगितलाय’ नाही. पुढे ते दोघं जे काय करतात ते त्यांचं त्यांना लखलाभ. मी पुन्हा मागे जाऊन वाचलं ते हे सुतारकाम.

आमच्या न्हाणीघराचा नळ गणपतीच्याही आधीपासून गळतोय. म्हणून हा भाग मी मुद्दाम मोठ्यानं, मराठीत सांगत सांगत, ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. पूर्ण ऐकून घेतलं. थोडे हलले असावेत असंही वाटलं.

“लाकूड कुणाच्या पैशानं आणलं?” ह्यांनी विचारलं. “आणि तेवढे दिवस बार कोण सांभाळत होतं?”