बारदान वजा

माणसानं आपलं वजन डॉक्टरांकडे करावं, फार तर व्यायामशाळेत. माझं झालं सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या काट्यावर.

माझा मेव्हणा तिथं एका अडत दुकानात दिवाणजी आहे. मार्चचा महिना, हळदीचा हंगाम. सौदे उरकले होते, पोती काट्यावर चढत होती, उतरत होती, आणि पिवळी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती. तेवढ्यात मेव्हण्याला लहर आली. "दाजी, चढा की." सासुरवाडीत जावयाला नाही म्हणता येत नाही. (हा नियम पंगतीतही लागू होतो, आणि खरं तर सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.) मी चढलो. हमालानं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ आवाजात विचारलं,

"एक्क्याण्णव चारशे. बारदान वजा करू का धरून?"

बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाचं वजन करताना पोत्याचं वजन वजा करतात. मी अंगावरच्या शर्ट-पँटीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. "चारशे गिराम वजा केलं तरी एक्क्याण्णव ऱ्हातंय," असं म्हणून तो पुढच्या पोत्याकडे वळला. बाकीचे हमाल हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत मी प्रतिज्ञा केली. मांडीवर सासूबाईंनी दिलेली दोन किलो भडंगाची पिशवी होती.

इथं थोडा भूगोल सांगायला हवा. मी साताऱ्याचा, बायको सांगलीची. कृष्णा साताऱ्याकडून सांगलीकडे वाहते आणि तिच्या जोडीनं आमच्याकडचे कंदी पेढे खाली जातात. उलट्या दिशेनं, प्रवाहाविरुद्ध, भडंग वर येतं. आमचं घर या दोन्ही मालांचं जंक्शन आहे. आता ज्याच्या घरी नुसतेच पेढे असतात तो चार पेढ्यांनंतर थांबतो, कारण तोंड गोडानं मिटतं. ज्याच्याकडे नुसतं भडंग असतं तोही दोन वाट्यांनंतर थांबतो, कारण लसूण आणि तिखट टाळूला लागतं. पण आमच्याकडे पेढ्यानं तोंड गोड झालं की वाटतं, जरा तिखट हवं. भडंगानं तोंड पोळलं की वाटतं, यावर काहीतरी गोड पाहिजे. या फेऱ्यातून सुटका नाही. लग्न जमवताना पत्रिका पाहिल्या होत्या, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. फराळाचे गुण कुणी पाहिले नाहीत. ते छत्तीसच्या छत्तीस निघाले.

शिवाय दोन्ही पदार्थांना वकील फार चांगले मिळाले आहेत. कंदी पेढ्याबद्दल कुठलाही सातारकर सांगेल की यात साखर कमी असते, सगळी चव खरपूस भाजलेल्या खव्याची. हे खरं आहे. साखरेऐवजी मग त्यात काय असतं, हे मात्र तो सांगत नाही. आणि सांगलीकर म्हणणार, "चुरमुरे म्हणजे निव्वळ हवा हो!" त्या हवेला तेल, शेंगदाणे आणि डाळं लागलेलं असतं, ते हिशोबात नाही. म्हणजे साखर नसलेलं गोड आणि वजन नसलेलं तिखट. एवढं खाऊन माझे एक्क्याण्णव किलो कुठून आले, याचं मला खरोखरच आश्चर्य वाटतं.

तर प्रतिज्ञा. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग धरला. तो माहीत नसलेलं मराठी घर आता सापडायचं नाही. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, आणि ते ५५ मिनिटांत उरकायचं. अधेमधे काही नाही, कारण खाल्लं की प्रत्येक वेळी शरीर इन्शुलिन सोडतं. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. पद्धत इतकी सरळ की तिच्यात घोटाळा करायला अंगात गुण लागतो.

मी एरवी पंधरा मिनिटांत जेवतो. आता ५५ मिनिटं मंजूर झाली होती. उरलेली चाळीस काय हात धुऊन बसायची? पहिल्याच दिवशी भाकरी-पिठलं संपल्यावर मी घड्याळ पाहिलं आणि शांतपणे भडंगाचा डबा ओढला. मग अर्थात पेढा. मग भडंग. आई कौतुकानं बघत होती. तिला वाटलं, पोरगं बऱ्याच वर्षांनी निवांत जेवतंय. पंचावन्नाव्या मिनिटाला मुलगी फोनवर वेळ लावून ओरडली, "बाबा, वेळ संपली!" आणि मी शेवटच्या षटकातल्या फलंदाजासारखे हात चालवले. आठवड्यानं बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आधी चार वेळा मिळून एवढं खात नव्हता."

तिनं डबे लपवले. पेढे गव्हाच्या कोठीत आणि भडंग माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागं. पेढे मला दुसऱ्याच रात्री सापडले, कारण भुकेल्या माणसाला तूप-खव्याचा वास गव्हातूनही येतो. पेढा ही चोरीसाठीच जन्मलेली वस्तू आहे. मऊ, मुकी, एका घासात पुरावा नष्ट. भडंगाचं तसं नाही. रात्री दोनला स्वयंपाकघरात भडंग चावणं म्हणजे पत्र्यावरून चालणं. मी एक तोड काढली. मूठभर तोंडात धरायचं आणि न चावता मऊ व्हायची वाट बघायची. त्या अवस्थेत, गाल फुगवून, मी अंधारात उभा होतो तेव्हा आईनं दिवा लावला. "दाढ दुखतीय का रे?" मी मान हलवली. तिनं लवंग आणून दिली आणि मी ती चावेपर्यंत समोरून हलली नाही.

व्यायामाकडेही मी दुर्लक्ष केलं नाही, हे नोंदवून ठेवतो. साताऱ्यात राहून चालायला जागा नाही असं म्हणता येत नाही. किल्ला डोक्यावरच उभा आहे. इथली माणसं तर २०१२ पासून दरवर्षी हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढतात. मीही दरवर्षी तिथं असतो, रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला. या वेळी मी अजिंक्यतारा निवडला. औरंगजेब इथं डिसेंबर १६९९ मध्ये येऊन बसला आणि गड हाती यायला एप्रिल १७०० उजाडलं. मी पहिल्या दिवशी तिसऱ्या वळणावर बसलो आणि उठायला मला अर्धा तास लागला. त्याच्या सैन्यानं तटाखाली सुरुंग लावले, तेव्हा तट त्याच्याच माणसांवर कोसळला असं इतिहासात आहे. हा प्रसंग मला शाळेपासून पाठ होता, पण समजला आत्ता. महिनाभरानं मी मंगळाईच्या देवळापर्यंत पोचायला लागलो, भूक दुप्पट झाली, आणि उतरताना पाय आपोआप राजवाड्याकडे, गरम वड्यांच्या वासाकडे वळायला लागले. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. गडाची एक फेरी, माझ्या ढोबळ हिशोबानं, अडीच पेढ्यांची. हा हिशोब करायला नको होता. त्यानंतर प्रत्येक फेरीनंतर मी अडीच पेढे कमावल्यासारखे मोजून घेऊ लागलो. अर्धा उरायचा, तो वाया जाऊ नये म्हणून तीन.

विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका गृहस्थानं १८६३ साली आपण कसे बारीक झालो याचं पत्रक छापलं आणि ते इतकं गाजलं की इंग्रजीत त्याच्या नावाचं क्रियापद झालं. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे, सगळं त्यानं सोडलं. त्याचा धंदा लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा, म्हणजे भीती रोज समोर. शिवाय त्याची सासुरवाडी सांगलीला नव्हती.

जूनमध्ये मेव्हण्याच्या मुलाचा दहावीचा निकाल लागला आणि किलोभर कंदी पेढे घेऊन मी सांगलीला निघालो. बायको आणि मुलगी चार दिवस आधीच गेल्या होत्या. कराड स्टँडवर साडेबारा वाजले. ही माझी पहिल्या जेवणाची अधिकृत वेळ. डबा मांडीवर होता. पेढ्यांना हवा लागावी म्हणून मी दोरा जरा सैल केला. कराडपासून इस्लामपूरपर्यंत किती मिनिटं लागतात हे जाणकारांनी बघावं. मला ५५ लागली.

सांगलीच्या आसपास हळद साठवायची जुनी पद्धत होती, हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली. मेव्हण्यानं हे मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. यार्डात शिरताना, शर्ट ओढून खाली घेताना, नेमकं तेच आठवावं हे काही बरं नाही.

काटा तोच आणि हमालही तोच. त्यानं मला ओळखलं. माझं तोंड नव्हे, आकारमान ओळखलं. "या पाव्हणं." मी डबा हातात धरूनच चढलो.

"एक्क्याण्णव नऊशे."

"हा डबा बारदान धरा," मी म्हणालो. "एक किलोचा आहे." एक वजा केलं की नव्वद नऊशे. तीन महिन्यांत अर्धा किलो. कमी नाही. दिवाणजी मेव्हणा अभिमानानं बघत होता.

हमाल बाजारात मुरलेला माणूस. त्यानं डबा माझ्या हातातून घेतला, तळहातावर एकदाच हलवला आणि काट्यावर ठेवला. पाचशे. त्यानं सैल दोरा पाहिला. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. निकाल लागलेला भाचाही तिथंच उभा होता.

"म्हंजी एक्क्याण्णव चारशे," हमाल म्हणाला. "माल आला तसाच हाय. घट नाय."

मी वाद घातला. उरलेला अर्धा किलो पेढा काही हवेत गेलेला नाही, तो याच काट्यावर माझ्याबरोबर उभा होता, म्हणजे त्याचंही बारदान वजा व्हायला पाहिजे. हिशोबाला हिशोब. मेव्हणा क्षणभर विचारात पडला.

हमालानं पुढचं पोतं ओढलं.

"बारदान भाईर असतंय, पाव्हणं. आत गेलं का त्यो माल."