पद्मिनीच्या टपाची भानगड

अहो, ऐकलंत का? सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी मागायला गेलं की ज्यांच्या दाराला हमखास कुलूप, तेच गृहस्थ रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाइप घेऊन हजर! प्रीमियर पद्मिनीच्या टपावर पाणी सोडतात आणि आत बसवलंय बायकोला, हातात टॉर्च देऊन. ‘‘दिसलं का? कुठून येतंय?’’ म्हणून बाहेरून ओरडतात. ती बिचारी छताचं कापड सोडवून थेंब शोधतेय. जनाची नाही, निदान मनाची तरी!

आणि हे एकटे नाहीत हो. हल्ली दोन पद्मिनीवाले भेटले की मुलाबाळांची चौकशी नाही, तब्येतपाणी नाही. थेट ‘‘तुमचं गटर काय म्हणतंय?’’

टपाच्या कडेने जी पन्हळ जाते ना, ते हे गटर. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा काठाला काठ लावून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले, सांध्यावर सीलर. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तो मऊ होता; चाळीस-पन्नास वर्षांत वाळला, तडकला. केसाएवढी फट पुरते. पाणी दोन पत्र्यांच्या मधे शिरून मुक्कामच ठोकतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रंग उचलतो. बाहेर दिसतात मोहरीएवढे फोड. मालक सहज नखाने टोकरायला जातो, आणि खपली निघून खाली भोक!

पूर्वाश्रमीच्या टॅक्सीचं तर विचारूच नका. काळीपिवळीच्या पिवळ्या टपावर कॅरिअर असायचा, तो याच काठाला आवळलेला. बोजे चढले-उतरले, क्लॅम्पखालचा रंग घासला, उघड्या पत्र्याला मुंबईचा खारा वारा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी काय डोळे पुसले! त्यातल्या किती जणांनी आदल्या वर्षी तिच्याऐवजी एसी कॅब बोलावली होती, ते जाऊ द्या.

पण खरं लफडं पुढेच आहे. ‘रिस्टोर केलेली’ म्हणून विकायला काढलेल्या काही गाड्यांच्या कडा बघाच. गंज खरवडण्याची कटकट कोण करणार? वरून लांबी थापायची, पेपर मारायचा, चकाचक रंग द्यायचा. लांबी ओल धरून ठेवते. एक पावसाळा गेला की फोड परत हजर, सहकुटुंब सहपरिवार. म्हणून हल्ली गिऱ्हाइकं खिशात लोहचुंबक ठेवून गाडी बघायला जातात. पत्र्याला चिकटतो, जाड लांबीवरून घसरतो. विकणाऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो म्हणे.

दुसरीकडे सोवळेवाले. टपाला हात लावण्याआधी काचा, रबर, आतलं कापड सगळं उतरवणार. ठिणगी पडून कापड पेटायला नको. मग कुजलेला काठ कापायचा, नवा ठोकून घडवायचा. टपाचा पत्रा पातळ आणि पसरट, सलग वेल्डिंग केलं की तापून त्याच्या लाटा होतात. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब. मधे पत्रा निवेपर्यंत डेंटर चहा पितो आणि मालक नखं खातो. मग प्रायमर, नवा सीलर, रंग. काहींना तर सांध्यात शिसंच वितळवून हवं, जुन्या पद्धतीने! त्याची धूळ विषारी, पण मास्क लावा म्हटलं की तोंड वाकडं. तरी मी म्हणेन, लांबीवाल्यांपेक्षा हे परवडले. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवरच. टपाचा सांधा कुजला म्हणजे नुसतं रूप गेलं असं नव्हे.

त्यात २०२१ मध्ये सरकारनेच आगीत तेल ओतलं. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि वर रोजच्या वापराला मनाई. झालं! गाडी आता मिरवण्यापुरतीच.

आणि एवढा खटाटोप करून जून उजाडला की गाडी ताडपत्रीखाली. नवं गटर भिजता कामा नये म्हणे! आत दमट हवा कोंडून पत्र्याला घाम फुटतो, हे डेंटरने एकदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा तो कशाला सांगेल? पावसाळ्यानंतरचं काम त्याला आयतंच मिळणार आहे.