अभ्यास घेणारे पालक

अभ्यास घेणारे पालक महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत बाराही महिने आढळतात. त्यांचा खरा हंगाम मात्र सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस. बोलण्यावरून ते चटकन ओळखू येतात. ‘आमचा भूगोल राहिलाय’, ‘आमचं गणित कच्चं आहे’ असे ते प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलतात. निकालात गुण कमी पडले, की ‘त्यानं पुस्तकच उघडलं नाही’ असे तृतीयपुरुषी एकवचन सुरू होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, की पहिल्याच रविवारी वेळापत्रक तयार होते. त्यासाठी कार्डशीट, पट्टी आणि तीन रंगांची स्केचपेने लागतात. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते सात पाठांतर, खेळ पाव तास, अशा ओळी पडत जातात. आखण्यात, रंगवण्यात आणि भिंतीवर चिकटवण्यात दिवस संपतो; त्यामुळे त्या रविवारी अभ्यास होत नाही. पुढचा आठवडाभर साडेपाचचा गजर वाजतो आणि पालक उठतात. गणपतीत तो कागद मखराच्या मागे जातो आणि विसर्जनानंतर कुणाला आठवत नाही. सवय जडायला खरे तर इतक्या ओळी लागत नाहीत. संध्याकाळचे दूध प्यायले, की वीस मिनिटे ठरल्या जागी बसायचे, एवढे पुरते. पण एका ओळीचे वेळापत्रक भिंतीवर शोभत नाही.

जागेसाठी टेबल घेतले जाते. त्याच्या खुर्चीवर वाळलेले कपडे आणि टेबलावर इस्त्रीचे कपडे येतात. मूल जमिनीवर पालथे पडून लिहिते. समोर बसलेले पालक स्वतःच्या फोनमधून डोके वर न काढता ‘फोन ठेव’ असे बजावतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्यावर तोच फोन त्यांनी आपल्या हाताने चार्ज करून मुलांना दिला. ‘सह्याद्री’ वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका मुलांपेक्षा आजोबांनी नेमाने पाहिली. ऑनलाइन तासाला पालक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून उत्तरे कुजबुजत आणि बाई सौजन्याने दोघांनाही शाबासकी देत.

अभ्यास घेण्याच्या पद्धतीवरून पोटप्रकार पडतात. पहिला प्रकार ‘मोठ्याने वाच’वाल्यांचा. फोडणी देता देता स्वयंपाकघरातून देखरेख करायची, तर आवाज ऐकू यायला हवा, हे त्यामागचे कारण. दुसरा प्रकार समजावून सांगणाऱ्यांचा. ‘यात काय अवघड आहे?’ या वाक्याने समजावणे सुरू होते आणि त्याच वाक्याने, चढ्या आवाजात, संपते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा या प्रकाराची मोठी गैरसोय झाली. मुलांना ते आधी समजले. तिसरा प्रकार करून देणाऱ्यांचा. शाळेचा प्रकल्प उद्याच द्यायचा आहे, हे मूल रात्री साडेदहाला सांगते. अकराला कात्री आणि फेव्हिकॉल निघतो आणि एकच्या सुमाराला ज्वालामुखी उभा राहतो. त्या वेळी मूल झोपलेले असते.

यांपैकी कुठल्याच प्रकारात मुलावर आठवून पाहण्याची पाळी येत नाही. रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘मोठ्याने वाच’वाले पालक पाचव्या मिनिटालाच उजळणी घेतात, त्यामुळे त्यांची पद्धत त्यांना अचूक वाटते. घरच्या आजोबांनी लहानपणी म्हटलेला परवचाही पुस्तकाशिवायच असे. तिन्हीसांजेला, रोज, पाढ्यांपासून पावकी-निमकी आणि दिडकीपर्यंत तोंडपाठ. तेव्हा वडीलधारे चुकले तेवढे दुरुस्त करत. स्वतः पाढे म्हणत नसत.

अभ्यास घेणाऱ्या पालकांना नेमके हेच अवघड जाते. गणित अडले, की मुलाने पाच मिनिटे डोके खाजवावे आणि पालकांनी गप्प बसावे, यात जास्त थकवा पालकांना येतो. दप्तर मुलाने भरले तर कंपास राहील, गृहपाठाची वही त्याने स्वतः तपासली तर चूक सुटेल, ही भीती खरी असते. कंपास दोनदा घरी राहिल्यावर तिसऱ्यांदा राहत नाही, हेही खरे असते; पण दुसऱ्याच वेळी पालक कंपास घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर होतात.

दहावीची बोर्डाची परीक्षा संपली, की हे काम थांबते. अकरावीचे भौतिकशास्त्र उघडून पालक ते हळूच मिटतात. मुलाला तोवर ‘अभ्यासाला बस’ हे ऐकल्यावर बसण्याची सवय लागलेली असते. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, न सांगता पुस्तक घेऊन बसण्याची सवय पालकांच्या अंगी मुरते. धाकटे अपत्य पाचवीत असल्यास ती वाया जात नाही.